वुजूचे पाणी मोजणारी मुले

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्याचे पाबळ हे कमी पावसाचे गाव. तेथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मुलांनी हातांनी काम करीत शिकावे आणि त्या कामाचा गावालाही उपयोग व्हावा, हा त्यामागील विचार. तेथे माती-परीक्षण हा अभ्यासाचाच भाग. त्याचा लाभ मात्र शेतकऱ्याला होतो.

आपल्या शाळांतील पर्यावरण मंडळे बहुधा जुलैच्या वृक्षारोपणावर आणि छायाचित्रावर थांबतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार, लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पक्ष्याने वा जनावराने खाल्ले तर तो लावणाऱ्याचा सदका ठरतो. म्हणजे झाड जगले पाहिजे! तेव्हा मंडळाने रोपे मोजावीत ती मे महिन्यात.

दुसरे काम घरातच आहे. प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत, अशी सहीह हदीस आहे. मुद्द म्हणजे दोन्ही ओंजळभर माप. फिकहच्या मतभेदांनुसार पाऊण ते एक लिटर. मुलांनी नळाखाली बादली ठेवून आपल्या वुजूचे पाणी मोजावे, आकडा वहीत लिहावा. मग मशिदीच्या विश्वस्तांना विचारावे, की हौदाजवळचे सांडपाणी झाडांकडे वळवता येईल का. साबण नसल्याने ते पाणी रोपांना चालते. चर खणण्यास मुलांचे हात पुरेसे आहेत. परवानगी तेवढी वडीलधाऱ्यांनी मिळवून द्यावी.