आधी गिझर काढून घे



ओवे गावातल्या नव्या घराचे फोटो पाहिले. गॅलरीतून खारघरचा डोंगर दिसतो, स्वयंपाकघरही ऐसपैस आहे. पण बाथरूमच्या फोटोने मला घोर लावला. भिंतीवर आधीच्या भाडेकरूचा गॅस गिझर, आणि वरच्या झरोक्याच्या काचपट्ट्यांवर तू चिकटवलेला पुठ्ठा. रात्री तळोज्याच्या कारखान्यांकडून वास येतो म्हणून सगळं लावून घेतो, असं तू लिहिलंस. सायली, तो पुठ्ठा आजच काढ.

बाहेरचा वास तुला कळतो तरी. गिझरमधून येणाऱ्या विषाला ना वास, ना रंग. गॅस नीट जळायला हवा लागते. एवढ्याशा बंद बाथरूममधला ऑक्सिजन गिझर बघता बघता संपवतो. मग गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरतं. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. पित्त झालं असेल, असं वाटतं तोवर कडी काढायलाही हात उठत नाही. 2020 च्या जानेवारीत बोरिवलीत पंधरा वर्षांची एक मुलगी अशीच आंघोळीला गेली आणि बेशुद्ध सापडली. काही दिवसांत ती दवाखान्यात वारली. डॉक्टरांनी कारण गिझरचा वायू हेच सांगितलं.

अशा वेळी बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर भरवसा ठेवू नकोस. ऑक्सिजन आणि हा वायू यांतला फरक त्याला कळत नाही, आकडा छान दिसतो आणि माणूस हातचा जातो. आंघोळीला गेलेल्याने हाकेला ओ दिली नाही तर दार तोडा, गॅस बंद करा, त्याला उघड्यावर आणा, 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य 'घरात गॅस गिझर आहे' हेच सांगा. थंडीत कोणी खोलीत कोळशाची शेगडी ठेवतं, वीज गेली की कोणी गॅलरीत जनरेटर लावतं. तिथेही हाच वायू असतो.

स्वयंपाकघराचं तू बघतेसच, तरी लिहितो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम उग्र वास घातलेला असतो, तो आला की हयगय नको. हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून ओट्याखालच्या कपाटात, जमिनीलगत साचतो. खारघरच्या टॉवरांत पाइपने येणारा गॅस हलका, तो वर छताकडे जातो; तिथून आलेल्या शेजारणीचा सल्ला तुझ्या घराला जसाच्या तसा लागू पडणार नाही. वास आला की रेग्युलेटर बंद कर, दारं-खिडक्या उघड, बाहेर पड आणि 1906 वर कळव. दिव्याचं किंवा एक्झॉस्टचं बटण लावू नकोस, आणि चालू असलेलं बंदही करू नकोस. ठिणगी दोन्ही वेळा पडते. नारिंगी नळीवर वर्ष छापलेलं असतं. पाच वर्षं झाली की ती बदलायची, आणि उंदराने कुरतडलेली दिसली तर त्याच दिवशी.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी मुळीच टाकू नकोस. तापलेल्या तेलात पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं तेल अंगावर उसळतं. शेगडी बंद करून कढईवर बाजूने झाकण सरकव आणि ती गार होईतो उचलू नकोस. पुरी तळताना झाकण हाताशीच असू दे.

आता गिझरचं. झरोका उघडा ठेवून काम भागेल, असं जावईबापू म्हणतील. मला ते पटत नाही. थंडी पडली की कोणीतरी तो पुन्हा लावणारच. घरमालकांना सांगून हा गिझर काढून घे. विजेच्या गिझरचे पैसे मी पाठवतो, त्यांच्याकडे मागू नकोस. वायरिंग आणि अर्थिंग तेवढं इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे. तोवर पाणी स्वयंपाकघरात, खिडकी उघडी ठेवून तापवा आणि बादलीने न्या. गिझर निघाला की फोन कर.

तुझा,
मामा