रोलरला तेल, ग्रीस नव्हे

चि. सुहास यास,


जुना कॅटरपिलर डी-४ घेतलास आणि शेत सपाटीची कामंही धरलीस, हे वहिनींकडून कळलं. आनंद झाला. इंजिनाची काळजी तू घेशीलच. त्याचं काही बिघडलं तर लगेच ऐकू येतं. चेनवरचे खालचे रोलर मात्र झिजून संपेपर्यंत बोलत नाहीत. त्यांच्यासाठी हे पत्र.

साडेचार-पाच टनांचं यंत्र त्या रोलरांवर उभं आहे. शाफ्ट जागेवर स्थिर असतो, रोलर त्याच्याभोवती बुशवर फिरतो. मध्ये तेलाचा थर आणि दोन्ही टोकांना सील, एवढ्यावरच सगळं चालतं. सील गेलं की तेल बाहेर येतं, गाळ आत जातो, आणि मग तो गाळ बुशला कानशीसारखा खातो.

म्हणून तिथे चाकाचं घट्ट ग्रीस भरू नकोस. ते एकदा बाजूला सरलं की वाहत परत बुशकडे येत नाही. आणि साध्या हातगनचा दाबसुद्धा चौरस इंचाला हजारो पौंडांवर जातो; जुन्या सीलला तो सोसत नाही. ९० किंवा १४० नंबरचं गिअर ऑइल घे. आधी प्लगभोवतीची माती तारेच्या ब्रशनं काढून फडक्यानं पूस. मग प्लग काढून रोलरचं लांब नोझल शाफ्टच्या भोकात पूर्ण आत घाल आणि पंप सावकाश मार. जुनं तेल नोझलच्या कडेनं बाहेर येईल. स्वच्छ तेल दिसेपर्यंत थांबू नकोस. बाहेर आलेलं तेल मात्र बोटांवर चोळून बघ: काळं असलं तर हरकत नाही; दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, आणि पितळी चमक दिसली तर बुश झिजतंय.

हे काम संध्याकाळी, रोलर कोमट असताना कर. तेव्हाच चेनमधला चिखलही काढ. काळी माती रात्रीत सुकते, सकाळी रोलर अडकतो, चेन त्यावरून घासत जाते आणि तो एका बाजूनं सपाट होतो. असा रोलर पुन्हा गोल होत नाही.

आणखी एक. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून कॅटरपिलरनं धातूच्या कड्यांची सीलं आणली. त्या रोलरांत तेल एकदाच भरतात, रोज पंप मारायचा नसतो. तुझ्या यंत्रावर आधीच्या मालकानं असे काही बसवले असतील, तर ओळखून त्यांना रंगाची खूण कर. नवा रोलर झिजलेल्यांच्या रांगेत बसला असेल तर त्याच्यावर जास्त भार येतो, तेही बघ.

पहिलं काम घेण्याआधी यंत्र जॅकवर उचल, प्रत्येक रोलर हातानं फिरव आणि कोणते जड जातात ते मला कळव. खाली हात घालण्याआधी फ्रेमखाली लाकडी ठोकळे घातल्याशिवाय राहू नकोस.

तुझा,
काका