बटण, चिंध्या आणि नानकटाई : घरातला पहिला अभ्यास



आजचा विषय बालशिक्षणाचा आहे, पण सुरुवात मात्र एका चड्डीच्या हुकापासून करावी लागणार आहे.

माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगा आहे. अंकओळख चांगली, पाढे पाठ, अक्षरं ओळखतो. जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडाच झाला होता. लघवीला जाऊ का विचारून तो बाहेर गेला आणि बराच वेळ आलाच नाही. बघायला गेले तर भिंतीला टेकून उभा, चड्डी ओली. हूक त्याला काढता आलं नव्हतं आणि कुणाला सांगायची लाज वाटली होती. मुलं हसली. पुढचे दोन दिवस तो शाळेत आला नाही.

आईला भेटले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, सकाळी कामावर जायची घाई असते. कपडे मीच घालून देते. त्याच्या हातात दिलं तर अर्धा तास जातो."

मला तिला काही बोलता आलं नाही. कारण माझ्या घरीही तेच चाललं होतं. माझी लेक तेव्हा अडीच वर्षांची. मला शिवणकामाची आवड. रविवारी दुपारी मशीन काढायचं, उशीचे अभ्रे, झबली, परकर असं काहीबाही शिवायचं. लेक मध्ये मध्ये करते म्हणून तिच्या हातात मोबाईल द्यायचा आणि आपलं काम उरकायचं. म्हणजे मी स्वतः हाताने शिकत होते आणि पोरीचे हात बांधून ठेवत होते!

त्या रविवारपासून मी तिला कामात घ्यायला लागले. त्यातून जे दिसलं ते तुमच्यापुढे मांडते.

१. कापडाचं गाठोडं : स्पर्श, शब्द आणि वर्गीकरण

आमच्या घरी सासूबाईंचं एक गाठोडं आहे. जुन्या लुगड्यांचे तुकडे, ओटीत आलेले खण, मांजरपाट, टेरिकॉट, मखमल, कुठल्याशा शालीची किनार. "वेळेला उपयोगी पडतं गं," असं म्हणत त्यांनी जमवलेलं. त्यात माझीही भर पडत असते. शिंप्याकडून कपडा आणला की उरलेला तुकडा मी मागून घेते. घरोघरी असं एखादं गाठोडं असतंच, नाही का?

मी त्यातले आठ-दहा तुकडे काढून चटईवर पसरले. आधी काहीच शिकवलं नाही. लेकीने मखमल गालाला लावली. मग जरीची किनार लावली आणि म्हणाली, "हे टोचतं." मी म्हटलं, "हो, ते खरखरीत आहे. आणि हे मऊ." दोन दिवसांनी ती भिंतीला हात लावून "खलखलीत" म्हणाली! शब्द वहीतून आला नव्हता, बोटांतून आला होता.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केलं. त्यांच्या साहित्यात कापडाच्या तुकड्यांची पेटी असते. एकाच कापडाचे दोन-दोन तुकडे असतात. मूल डोळे मिटून, नुसत्या स्पर्शाने त्यांच्या जोड्या लावतं. ही पेटी विकत आणायची गरज नाही. आपल्या गाठोड्यातून चार कापडं घ्या आणि प्रत्येकाचे तळहाताएवढे दोन तुकडे करा. झाली पेटी. अडीच वर्षांच्या मुलाला आधी दोनच जोड्या द्या, तेही डोळे उघडे ठेवून.

याच तुकड्यांवर आणखी एक कृती करता येते. सुती कापडावर पाण्याचा एक थेंब टाका आणि नायलॉनवर एक टाका. सुती कापड थेंब पिऊन टाकतं. नायलॉनवर तो बराच वेळ मण्यासारखा बसून राहतो. "का?" असं लगेच विचारू नका. नुसतं "काय झालं?" विचारा. उन्हाळ्यात आपण सुती कपडे का घालतो, हा पाठ पुढे कधीतरी येईल. तेव्हा हा थेंब त्याचं पूर्वज्ञान असेल.

२. शिवण : क्रम, माप आणि चूक

शिवणाला क्रम असतो. मापायचं, आखायचं, कापायचं, टाचायचं, मग शिवायचं. हाच क्रम मी काम करताना मोठ्याने बोलते. "आता काय? आता कापायचं." थोड्या दिवसांनी लेकच पुढचं सांगायला लागली. गोष्ट क्रमाने सांगणं किंवा चित्रं क्रमाने लावणं आपण पहिलीत शिकवतो. त्याची पूर्वतयारी ही अशी होते.

मापासाठी तिच्या हातात टेप दिली तर तिने ती गळ्यात घातली, माझ्यासारखी. मग आम्ही वितीने मापलं. उशी माझ्या तीन विती, तिच्या पाच विती भरली. "तुझे जास्त का?" या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं आणि मीही दिलं नाही. पण तिने घरातली प्रत्येक वस्तू वितीने मापायला घेतली, आजोबांची पाठसुद्धा!

तिच्यासाठी वेगळी शिवण केली. जाड पुठ्ठ्याचा आंबा कापला, कडेने मोठी भोकं पाडली आणि बुटाची नाडी दिली. नाडीला टोक असतं म्हणून सुई लागत नाही. पहिल्या दिवशी तिने नाडी दोन भोकांतून घातली आणि उठून गेली. तेवढं पुरे. साधारण तीन वर्षांचं मूल मोठे मणी दोऱ्यात ओवू शकतं. चार वर्षांच्या आसपास काही बटणं काढायला लागतं. त्याआधी चिमटीत धरणं, ओढणं, दोन्ही हातांनी मिळून एक काम करणं यायला हवं. पेन्सिल त्याच बोटांनी धरायची असते. बोटं तयार नसताना पाटीवर गिरवायला बसवलं तर हात दुखतो आणि अभ्यासाचा कंटाळा येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकदा झबल्याची बाही मी उलटी जोडली. सगळी टीप मारून झाल्यावर लक्षात आलं. लेक बघत होती. "आई, चुकली?"

"हो, चुकलं. आता उसवते आणि परत शिवते."

ती शेजारी बसून टीप उसवताना बघत राहिली. काही दिवसांनी तिचा ठोकळ्यांचा मनोरा पडला. एरवी असं झालं की ती भोकाड पसरायची. त्या दिवशी म्हणाली, "उसवते, पलत."

मला वर्गातला तो मुलगा आठवला. त्याला हूक काढता येत नव्हतं, हा छोटा प्रश्न होता. येत नाही हे सांगायची त्याला लाज वाटली, हा मोठा प्रश्न होता. आपण मुलांसमोर नेहमी बरोबरच असतो. आपली चूक आणि तिची दुरुस्ती मुलांना कधी दिसतच नाही. मग चुकलं की सगळं संपलं, असं त्यांना वाटलं तर त्यांचा काय दोष?

३. नानकटाई : मोजणं, वाट पाहणं

पूर्वी दिवाळीच्या आधी घरी मळलेलं नानकटाईचं पीठ घेऊन लोक बेकरीच्या भट्टीवर जायचे. पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे लावायचे आणि आपला नंबर येईपर्यंत थांबायचं. तुमच्यापैकी अनेकांना तो वास आठवत असेल. आता कढईत किंवा ओव्हनमध्ये घरीच होते.

साहित्य : मैदा १ वाटी, बेसन २ चमचे, रवा १ चमचा, पिठीसाखर अर्धी वाटी, घट्ट तूप अर्धी वाटी, वेलची पूड, चिमूटभर खाण्याचा सोडा.

कृती : तूप आणि साखर हलकी होईपर्यंत फेसा. बाकीचं चाळून त्यात मिसळा. गोळे करून किंचित दाबा. कढईत मिठाचा थर पसरून त्यावर स्टँड ठेवा. झाकण लावून १० मिनिटं कढई तापू द्या. मग गोळे लावलेली ताटली आत ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटं भाजा. बाहेर काढल्यावर मऊ वाटतात, गार झाल्या की खुसखुशीत होतात.

यात मुलाचं काम कुठलं? वाटी भरणं, सपाट करणं, ओतणं, चाळणी हलवणं, गोळा वळणं. मैदा एक वाटी आणि साखर अर्धी वाटी घेताना "पूर्ण" आणि "अर्धी" हे शब्द मुलाला डोळ्यांनी दिसतात. तिसरी-चौथीत अपूर्णांक शिकवताना आम्ही शिक्षक फळ्यावर वर्तुळं काढतो. ज्याने अर्धी वाटी हाताने भरलेली असते, त्याला ते वर्तुळ लवकर कळतं, हे मी वर्गात पाहिलं आहे.

तूप आणि साखर एकत्र फेसली की रंग पांढरट होतो. मऊ गोळा भाजून कडक होतो, वर चिरा पडतात. पदार्थात होणारा बदल मूल डोळ्यांनी बघतं. आणि वाट बघायला शिकतं. "झालं?" "अजून नाही." हा संवाद आमच्याकडे दहा वेळा झाला. आमचा पहिला घाणा खालून करपला, हेही सांगते. लेकीने त्यातली एक आजीला दिली आणि म्हणाली, "ही चुकली. पलत कलू."

सावधगिरी

- सुया, टाचण्या, कात्री आणि ब्लेड झाकणाच्या डब्यात आणि उंचावर ठेवा. काम संपल्यावर टाचण्या मोजून ठेवा.
- लहान बटणं आणि मणी तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात देऊ नका. घशात अडकतात.
- मशीन चालू असताना मूल मांडीवर नको. मोटारीचं मशीन असेल तर उठताना बटण बंद करून वायर काढा.
- लांब नाडी किंवा दोरा देऊन मुलाला एकटं सोडू नका.
- गॅस आणि गरम कढई हे मोठ्यांचंच काम.
- कच्चं पीठ खाऊ देऊ नका, त्यात जंतू असू शकतात.
- दोन वर्षांखालच्या बाळाला साखरेचे पदार्थ नकोत. मोठ्यांनाही एखादीच नानकटाई पुरे.

वेळेचं काय?

खरं सांगायचं तर मूल मदतीला आलं की काम दुप्पट वेळ घेतं. जमिनीवर मैदा सांडतो, दोऱ्याचा गुंता होतो. नोकरी करणाऱ्या आईला हे रोज जमणार नाही. मलाही जमत नाही. म्हणून मी आठवड्यात २० मिनिटं ठरवली आहेत. त्या वेळात काम पूर्ण करण्याचा आग्रह धरत नाही. उरलेलं ती झोपल्यावर करते. २० मिनिटांच्या आत ती उठून गेली तर जाऊ देते.

आणि हो, हे फक्त आईचं काम नव्हे. आपल्या गावातले शिंपी आणि भट्टीवाले बहुतेक पुरुषच असतात, मग घरात बाबांनी बटण लावलं तर बिघडलं कुठे?

शिक्षकांसाठी थोडं

हातकामातून शिक्षण ही कल्पना आपल्या मातीला नवीन नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी काम केलं. महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, शंख-शिंपले अशा आसपासच्या वस्तू त्यांनी शिक्षणात आणल्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वयाचा पायाभूत स्तर खेळ आणि कृतीवर आधारलेला आहे, तोही याच वाटेने.

मी गाठोड्यातल्या तुकड्यांच्या चार पट्ट्या शिवून वर्गात नेल्या. एकीला मोठी बटणं, एकीला हूक, एकीला नाडी, एकीला चेन. मधल्या सुट्टीत मुलं त्यावर खेळतात. तो मुलगा पहिले काही दिवस पट्टीकडे फिरकलाच नाही. मग मी सगळ्यांसमोर मुद्दाम बटण चुकीच्या काजात घातलं आणि म्हटलं, "अरेच्चा, चुकलं की माझं!" तो जवळ आला, म्हणाला, "मॅडम, थांबा," आणि बटण काढायला लागला. त्याला वेळ लागला, पण निघालं. हुकाची पट्टी जमायला दिवाळी उजाडली. आता त्याची आई सकाळी त्याला दहा मिनिटं लवकर उठवते.

या आठवड्याचा गृहपाठ (पालकांसाठी)

१. घरातले पाच वेगवेगळे कापडाचे तुकडे मुलासमोर ठेवा. १० मिनिटं काही शिकवू नका, फक्त ऐका.
२. एक बटण किंवा एक चेन मुलाला स्वतः लावू द्या. मध्ये हात घालू नका.
३. तुमची एखादी चूक मुलासमोर मोठ्याने मान्य करा आणि त्याच्यादेखत दुरुस्त करा.

तिसरा गृहपाठ आपल्याला सगळ्यात अवघड जातो. तोच आधी करून बघा.