अरण्याखालील जमीन

जेथे घनदाट अरण्य उभे आहे तेथील जमीन कसदार असलीच पाहिजे, असा सर्वसाधारण समज आहे. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यात तो खरा ठरत नाही. तेथील बहुतेक माती आम्ल व निकस असून अतिवृष्टीने तिच्यातील क्षार वाहून गेलेले आहेत. पोषक द्रव्यांचा मोठा साठा झाडांतच असतो. गळलेला पाला बुरशी व वाळवी झपाट्याने कुजवितात आणि वरच्या थरातील मुळे ती द्रव्ये लागलीच शोषून घेतात. जंगल जाळले की राखेच्या बळावर दोन-तीन पिके बरी येतात. पुढे उत्पन्न घटत जाते. कोकणातील वरकस जमिनीचा अनुभव याहून फार निराळा नाही.

रबराचे झाड मूळचे तेथलेच. अरण्यात ते विखुरलेले असल्याने पानांवरील करपा सहसा फैलावत नाही. हेन्री फोर्ड यांनी १९२८ मध्ये तापाजोस नदीकाठी रबराचे मळे आरंभिले. दाट लागवडीत करप्याने पाने झडली व १९४५ मध्ये तो उद्योग सोडून द्यावा लागला. आजच्या मलेशियात मात्र हेच झाड फोफावले, कारण १८७६ मध्ये बी इंग्लंडमार्गे पूर्वेकडे गेले, रोग गेला नाही.

ब्राझील नट या झाडाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचे परागीभवन मोठ्या मधमाश्या करतात. टणक फळ अगूती नावाचा कुरतडणारा प्राणी फोडतो व बिया पुरून ठेवतो. विसरलेल्या बियांतून रोपे उगवतात. म्हणून बाजारातील बहुतेक माल आजही उभ्या जंगलातूनच वेचला जातो.