चौकशी कोणाची चालली आहे?

सोलापुरात रोज येणारी वर्तमानपत्रे, मराठी वाहिन्या आणि यूट्यूबवरची वार्तापत्रे बघताना माझे एक मत पक्के झाले आहे. स्त्रियांच्या ऑनलाइन छळाच्या बातमीतला पक्षपात हुडकताना आपण भडक विशेषणे आणि बटबटीत छायाचित्रे शोधतो, आणि ती दिसली नाहीत की बातमी स्वच्छ म्हणून मोकळे होतो. पण शब्द सभ्य असूनही बातमी झुकलेली असू शकते. तिचा कल कळतो तो चौकशी कोणाची चालली आहे यावरून. छळणाऱ्याची, छळ पसरवून पैसे कमावणाऱ्याची, की जिला छळले तिचीच? हा प्रश्न विचारायची सवय नसेल तर चांगले, संवेदनशील वाचकही नकळत त्या छळात सामील होतात. म्हणून हे लिहिते आहे.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. ३१ ऑगस्ट २०२५ रोजी करमाळ्याच्या उपविभागीय पोलीस अधिकारी अंजना कृष्णा माढा तालुक्यातल्या कुर्डू गावात बेकायदा मुरूम उपशावर कारवाईसाठी गेल्या होत्या. एका कार्यकर्त्याने तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांना लावलेला फोन त्यांच्या हाती दिला. त्यांना आवाज ओळखता आला नाही, माझ्या नंबरवर फोन करा असे त्या म्हणाल्या, आणि पुढचे बोलणे चित्रफितीतून देशभर गेले. आता या घटनेत विचारण्यासारखे काय होते? उपशाला परवानगी होती का, यंत्रे कोणाची होती, चालू कारवाईत मंत्र्याने फोनवरून हस्तक्षेप करावा का. त्याऐवजी अधिकारी मूळच्या कुठल्या, परीक्षेत क्रमांक कितवा, दिसतात कशा, याने पडदे भरले. मग आमदार अमोल मिटकरी यांनी त्यांची प्रमाणपत्रे तपासावीत अशी मागणी लोकसेवा आयोगाकडे केली आणि ती समाजमाध्यमावर टाकली. थोड्याच दिवसांत त्यांनी ती मागे घेऊन दिलगिरी व्यक्त केली. अजित पवारांनीही आपला हेतू कारवाईत अडथळा आणण्याचा नव्हता असे जाहीर केले. पण तोवर मुरुमाची बातमी प्रमाणपत्रांची झाली होती. एका लोकप्रतिनिधीने मागणी केली ही बातमी आहे, ती द्यायलाच हवी. मात्र मागणीला आधार काय दिला, हे दुसऱ्याच वाक्यात यायला हवे. आधार नसेल तर तेही तिथेच लिहायला हवे. ते वाक्य नसलेली बातमी संशय फुकट वाटत सुटते.

यावर कोणी म्हणेल, त्या अधिकाऱ्याचे तर कौतुकच झाले, ‘लेडी सिंघम’ म्हटले गेले, त्यात छळ कुठे आला? मला हे कौतुकही निर्धोक वाटत नाही. कौतुकासाठी गोळा केलेले तपशील, म्हणजे गाव, भाषा, जात, वय, चेहरा, वारा फिरला की हल्ल्याची सामग्री होतात. शिवाय कौतुकाने नियमाप्रमाणे केलेली एक साधी कारवाई व्यक्तिगत धाडसाची गोष्ट होऊन बसते, आणि नियम कोण मोडत होते ते मागे पडते. पुरुष अधिकारी असता तर यातले किती तपशील छापले गेले असते, एवढे मनाशी ताडून बघावे. उरलेले सगळे गाळले तरी बातमीचे काही बिघडत नाही.

दुसरे प्रकरण डिसेंबर २०२४ चे. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबरला हत्या झाली. त्यावरून तापलेल्या राजकारणात आमदार सुरेश धस यांनी बोलता बोलता काही अभिनेत्रींची नावे घेतली, त्यात प्राजक्ता माळी होत्या. २८ डिसेंबरला त्यांनी मुंबईत पत्रकार परिषद घेतली, जवळजवळ दीड महिना आपण स्वतःविषयीचे ट्रोलिंग गप्प राहून सोसत होतो असे सांगितले आणि राज्य महिला आयोगाकडे तक्रार केली. ३० तारखेला धस यांनी दिलगिरी व्यक्त केली. माळी यांच्याविषयी काय कुजबुज होती ते मी इथे लिहीत नाही, आणि न लिहिताही मुद्दा कळतो आहे. बातम्यांनाही हे जमले असते. पण खुलासा छापताना मूळ वावडी पुन्हा सविस्तर सांगायची, हा प्रघात पडला आहे. ज्यांनी ती ऐकली नव्हती त्यांच्याही कानी ती खुलाशाच्या निमित्ताने जाते. आणि कुजबुजीचे व्हिडिओ कोणी केले, त्यांवर जाहिरातींचे पैसे कोणाला मिळाले, हा खरा शोधपत्रकारितेचा विषय. एका खून प्रकरणाच्या चर्चेत एक कलावंत बाई कशी ओढली जाते, याचा माग काढणारी बातमी वाचकाने मागायला हवी.

कधी कधी पारडे उलट्या बाजूनेही झुकते, छळणाऱ्यावर माया दाखवून. १ जानेवारी २०२२ रोजी शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे चोरून त्यांचा लिलाव मांडणारे एक ॲप गिटहबवर उघड झाले. मुंबई सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवून अटका केल्या. अटक झालेल्यांत उत्तराखंडमधली अठरा वर्षांची मुलगी निघाली, तिचे आईवडील वारल्याचे कळले, आणि जावेद अख्तर यांच्यासारख्या ज्येष्ठानेही तिला समजावून माफ करावे असे सुचवले. आरोपीचे वय आणि दुःख छापू नये असे माझे म्हणणे नाही. तीही माणसेच आहेत, आणि गुन्हा सिद्ध होईपर्यंत ती आरोपीच आहेत. प्रश्न मापाचा आहे. एका आरोपीचे पूर्ण चरित्र, आणि शंभर स्त्रिया मात्र नुसता आकडा, हे माप खोटे आहे. त्या शंभरांत पत्रकार होत्या, बोलायला तयार असलेल्या स्त्रिया होत्या.

हेच माप आपल्या शहराच्या गुन्हेवार्तेला लावावे. ती बहुधा पोलिसांच्या माहितीवर, एकाच बाजूने, घाईत लिहिलेली असते. ‘एकतर्फी प्रेमातून’ असे लिहिले की आरोपीचा हेतू बातमीने स्वतःच ठरवून, वर तो कोवळाही करून टाकला. भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ स्त्रीच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हाही पाठलागच मानते आणि पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगते. बातमीत हे कलम आहे, की ‘त्रास दिला’ एवढेच आहे, ते पाहावे. आणि नाव छापले नाही म्हणजे ओळख झाकली असे समजू नये. सोलापूरसारख्या गावात जुळे सोलापूर, अमुक कॉलेज, दुसरे वर्ष आणि वडिलांचा यंत्रमाग एवढे दिले की गल्लीला नाव सांगावे लागत नाही.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. सार्वजनिक जीवनात उतरायचे तर टीका सोसावी लागणार, पुरुषांनाही शिव्या पडतातच, मग बायकांसाठी वेगळा हिशेब का? टीका सोसावीच. अधिकाऱ्याच्या कारवाईवर, नटीच्या अभिनयावर कितीही कठोर लिहावे. पण स्त्रीवरचा हल्ला बहुतेक वेळा तिच्या कामाला सोडून तिच्या देहावर, चारित्र्यावर, धर्मावर होतो. ॲम्नेस्टीने २०१९ च्या निवडणूक काळात भारतातल्या ९५ स्त्री नेत्यांविषयीची एक लाखाहून अधिक ट्वीट तपासली. साधारण सातातले एक अपमानास्पद किंवा आक्षेपार्ह निघाले, आणि मुस्लिम नेत्यांच्या वाट्याला धर्म-वंशावरून येणारी शिवीगाळ इतर धर्मांच्या स्त्रियांपेक्षा जवळजवळ दुप्पट होती. युनेस्कोच्या जागतिक पाहणीत ७३ टक्के स्त्री पत्रकारांनी ऑनलाइन हिंसा सोसल्याचे सांगितले, आणि दर पाचांतल्या एकीने त्यातूनच पडद्याबाहेरही आपल्यावर हल्ला झाल्याचे नोंदवले. ‘कमेंटच तर आहेत, दुर्लक्ष करा’ हा सल्ला या आकड्यांपुढे टिकत नाही.

ही चिकित्सा बाहेरून आलेले खूळ आहे असेही म्हटले जाते. पण १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून ‘पुणे वैभव’ने समस्त स्त्रीजातीला दोषी धरले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून तो रोख पुरुषांकडे वळवला. त्या वर्तमानपत्रच वाचत होत्या, फक्त चौकशी कोणाची व्हावी हे त्यांनी स्वतः ठरवले.

वाचकाच्या हाती उपायही आहे. झुकलेली बातमी दिसली की कात्रण, तारीख, पान जपून ठेवावे. व्हिडिओ असेल तर शीर्षकासह स्क्रीनशॉट आधी घ्यावा, कारण शीर्षके मागाहून बदलतात. नेमके कोणते वाक्य काढावे आणि कोणती माहिती घालावी ते लिहून आधी संपादकाला पत्र पाठवावे. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर दैनिकाबाबत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत भारतीय प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. कौन्सिल दंड करू शकत नाही, समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते. वाहिन्या आणि यूट्यूब तिच्या कक्षेत येत नाहीत. तिथे वाहिनीकडे किंवा त्या मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे लागते. आणि पत्र बातमीतल्या बाईच्या वतीने लिहू नये, वाचक म्हणून स्वतःच्या नावाने लिहावे. तिला आणखी एका बातमीत ओढण्याची गरज नाही.