घोट कमी, गोष्टी जास्त

लेकी, तुम्हा दोघांना वाइनची गोडी लागली आहे आणि शनिवारी चार माणसं घरी बोलवायला आवडतं, हे मला ठाऊक आहे. नागपूरलगतच्या बेसा-पिपळ्याच्या या नव्या वस्तीत एकाच मजल्यावर कुणी वर्ध्याचं, कुणी यवतमाळचं, कुणी गोंदियाचं. ओळख दारावरच्या पाटीपुरती. ती पुढे सरकायला एखादी बाटली निमित्त होत असेल तर माझी ना नाही. पण लेकराबाळांच्या घरात तिला कसं वागवायचं, याचे काही नेम आहेत. तू आणि जावईबापू, दोघांनीही ते मनावर घ्या.

आधी खरं बोला. वाइन ही दारूच. तिच्यात साधारण १२-१३ टक्के अल्कोहोल असतं. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. म्हणून ‘तब्येतीला बरी’ असं कुणाला सांगू नका. दिवस गेलेले असताना आणि अंगावर पाजत असताना थेंबही नको. लेकराने विचारलं तर ‘मोठ्यांचं सरबत’ म्हणून टाळू नका. ही दारू आहे, वाढत्या अंगाला घातक आहे, म्हणून तुला नाही, एवढं सरळ सांगा. लेकरांना खरं पचतं.

बाटली आणली की तिच्यामागची माणसं शोधा. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकला आले, १९९७ मध्ये वाइनच्या वेली लावल्या, २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आणली. ‘सुला’ हे नाव त्यांनी आई सुलभाताईंच्या नावावरून घेतलं. गंगापूर धरणाजवळच्या ‘यॉर्क’चं नाव मालकांच्या तीन मुलांच्या नावांतून जुळवलेलं आहे. अकलूजला मोहिते-पाटलांनी दिल्लीच्या आणि इटलीच्या भावांना सोबत घेऊन ‘फ्रातेल्ली’ उभी केली. आणि या सगळ्यांच्या आधी, १९८०च्या दशकात, नारायणगावला शामराव चौगुल्यांनी फ्रेंच पद्धतीने फसफसणारी वाइन करून दाखवली होती. यातली एक गोष्ट सांगा आणि मग पाहुण्याला विचारा, ‘तुमच्या घरी काय पिकायचं?’ कापूस निघेल, तूर निघेल, काटोलची संत्री निघतील, पहाटे मोहफुलं वेचणारी आजी निघेल. मग माणूस आपसूक बोलता होतो. बैठक त्यासाठीच असते.

लेकरांना शेती दाखवा, पेला नको. आपल्याकडे द्राक्षवेलीची खरड छाटणी एप्रिलच्या सुमारास होते आणि गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. युरोपात वेल थंडीत झोपतो, तिथे एकच छाटणी पुरते. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून दोनदा छाटायचा आणि पीक एकदाच घ्यायचं. वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च. तेव्हाच नाशिकला जा. शिराझचा घड लेकरांच्या हातात द्या: दाणा बारीक, साल जाड, आत बिया. खायच्या थॉमसन द्राक्षाशी ताडून पाहू द्या. घरी एक काळं द्राक्ष बशीत दाबायला सांगा. रस जवळजवळ बिनरंगाचा निघतो. लाल वाइनचा रंग सालीतून येतो, हे लेकरू जन्मभर विसरणार नाही.

नाशिकहून येताना डिकी रिकामी ठेवा. समृद्धी महामार्गाने परतताना शिवमडक्याच्या आधी वर्धा जिल्हा लागतो. सेवाग्रामचा जिल्हा, तिथे दारूबंदी आहे. कायदा तर पाळायचाच, पण त्यामागचं दुःखही समजून घ्या. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती आयाबायांच्या लढ्यातून आली. आपल्या शेजारीही असं पोळलेलं घर असू शकतं. म्हणून बाटली नागपुरातल्या परवान्याच्या दुकानातूनच घ्या. आणि ज्याच्या हाती गाडी, त्याने चवीपुरताही घोट घ्यायचा नाही.

आपलं ऊन ओळखा. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. गच्चीलगतच्या खोलीत किंवा ओट्यावर ठेवलेली वाइन शिजून बिघडते. उन्हाळ्यात साठा करूच नका. लागेल तेव्हा एक आणा, फ्रिजमध्ये ठेवा. उघडलेली दोन-तीन दिवसांत संपवा, नाहीतर ओतून द्या. कडक लाल वाइन सावजी रश्शाबरोबर घेऊ नका. तिखट आणखी जाळतं. तर्री असेल तर गार केलेली, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ बरी. वडाभात, पाटोडी, काहीतरी पोटात गेल्याशिवाय पेला हातात द्यायचा नाही.

मोजून ओता. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच पेले होतात. सहा जणांत एकच बाटली उघडली तर प्रत्येकाला सव्वाशे मिली येते. तेवढीच. दुसरी आणून ठेवूच नका, म्हणजे आग्रहाला जागा उरत नाही. आग्रह पाटोडीचा करावा.

न घेणाऱ्याचा मान पहिला. त्याच्यासाठी कोकम किंवा संत्र्याचा रस तशाच सुंदर पेल्यात आधी द्या. ‘का घेत नाही?’ असं कधी विचारू नका. उत्तरात कुणाचं आजारपण असतं, कुणाचं व्रत, कुणाचा बाप असतो.

लेकरांना या कामाला लावू नका. बाटली आण, पेला भर, उष्टे पेले उचल, यातलं काहीच नाही. त्यांच्या हाती पाहुण्यांना पाणी आणि खाणं द्यायचं काम द्या आणि गोष्टी ऐकायला मांडीला मांडी लावून बसवा. आजोबांच्या गावची विहीर, बैलांची नावं, पहिल्या पगाराची हकिकत त्यांच्या कानावर अशीच पडतात. रागाच्या, दुःखाच्या, दमल्याच्या दिवशी मात्र बाटलीला हात लावू नका. थकल्यावर आईबाप कशाकडे वळतात, हे लेकरं पाहत असतात.

आणि शेवटचं. मधूनमधून एखादा शनिवार बाटलीशिवाय बोलवा. मंडळी तशीच आली, तितकीच बोलली, तर समजा नातं जुळलं. पुढे वाइन असली काय, नसली काय. आली नाहीत, तर बाटली बंद करा, पण बोलावणं बंद करू नका. चहावर बोलवा.