घरातली हवा आणि एक यंत्र

'हवा' हा शब्द मराठीत आणि उर्दूत एकच आहे. तो अरबी भाषेतून आपल्याकडे आला आणि इथलाच होऊन गेला. 'दमा' हा शब्दही दोन्ही भाषांत आहे. त्याच्या मुळाशी फारसीतला 'दम', म्हणजे श्वास, आहे. ज्या घरात दम्याचा रोगी असतो, त्या घरातील मुलांना हवा आणि दमा यांचे नाते कोणी समजावून सांगावे लागत नाही. हिवाळ्याच्या रात्री दादीला खोकल्याची उबळ आली, की सगळे घर जागे होते.

अशा घरातील माणसांच्या नजरेस अलीकडे एक जाहिरात पडते. हवा शुद्ध करणारे यंत्र, म्हणजे एअर प्युरिफायर, घरी आणा आणि निर्धास्त व्हा, असे ती सांगते. दिल्लीत दर हिवाळ्यात हवा बिघडते, हे तुम्ही बातम्यांत ऐकता. २०२३ च्या हिवाळ्याच्या तोंडाला मुंबईची हवाही एवढी खराब झाली, की मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून तिची दखल घेतली. तिकडच्या अनेक घरांत ही यंत्रे आली आहेत. मग वाशिम, कारंजा, मंगरूळपीर किंवा रिसोड येथे राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते घ्यावे काय? पैसा कष्टाचा असतो. म्हणून आधी यंत्र नीट समजून घेऊ.

यंत्राची रचना अगदी साधी आहे. आत एक पंखा असतो आणि त्याच्यापुढे एक दाट गाळणी असते. पंखा खोलीतील हवा ओढतो, ती गाळणीतून जाते, धूलिकण अडकतात आणि स्वच्छ हवा बाहेर पडते. चांगल्या यंत्रातील गाळणीला 'हेपा' गाळणी म्हणतात. तिचा जन्म १९४० च्या दशकात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाला. अमेरिकेत अणुबाँबचे काम चालू होते. तेथील हवेतले किरणोत्सारी कण अडवण्यासाठी ही गाळणी तयार करण्यात आली. पुढे ती रुग्णालयांत आली आणि मग घरांत.

ही गाळणी किती बारीक कण अडवते? हवेतील ज्या कणांचा व्यास २.५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी असतो, ते फुप्फुसांत खोलवर जातात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. २.५ मायक्रॉनचा कण आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्शाएवढा असतो. नाकातील केसांना तो अडवता येत नाही. हेपा गाळणी मात्र ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते.

येथे एक गंमत आहे. तुम्हांला वाटेल, की ०.३ पेक्षाही लहान कण सहज निसटत असतील. तसे होत नाही. ही गाळणी पिठाच्या चाळणीसारखी नसते. तिच्यात बारीक तंतूंचे दाट जाळे असते. मोठे कण हवेबरोबर चटकन वळू शकत नाहीत, म्हणून तंतूंवर आदळतात. अगदी लहान कणांना हवेचे रेणू सारखे धक्के देतात. ते वेडेवाकडे भटकत जातात आणि शेवटी एखाद्या तंतूला चिकटतात. पकडायला सर्वांत कठीण कण मधल्या आकाराचे, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. म्हणून परीक्षा त्यांचीच घेतात.

तेव्हा यंत्र खोटे नाही. योग्य आकाराचे यंत्र बंद खोलीतील धूलिकण निम्म्याहूनही कमी करू शकते. पण 'बंद खोली' हे दोन शब्द विसरू नका. आपण एक हिशेब करू. एक खोली १० फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. तिच्यात १००० घनफूट, म्हणजे सुमारे २८ घनमीटर हवा मावते. खोलीतील सगळी हवा तासाला ५ वेळा गाळून निघावी असे धरले, तर यंत्राने तासाला सुमारे १४० घनमीटर स्वच्छ हवा दिली पाहिजे. यंत्राच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. आता त्याच खोलीचे दार उघडा, कवेलूंच्या फटींतून वारा येऊ द्या, शेजारी चूल पेटवा. गाळलेली हवा बाहेर जाईल आणि धूर आत येईल. यंत्र रात्रभर घरघर करील आणि विजेचे बिल तेवढे वाढेल.

आपल्या जिल्ह्यातील बहुतेक घरे अशीच मोकळी आहेत. दार दिवसभर उघडे असते, अंगण असते, माणसांची ये-जा असते. एरवी ही चांगलीच गोष्ट आहे. २०१९ च्या जानेवारीत केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यातील खराब हवेच्या शहरांच्या यादीत शेजारचे अकोला आणि अमरावती ही नावे होती, वाशिमचे नव्हते. म्हणजे आपल्याकडे बाहेरची हवा आत येणे ही बहुतेक वेळा मोठी अडचण नसते. अडचण घराच्या आतच असते.

ती कोठे आहे हे पाहण्यासाठी आमच्या शाळेतील आठवीच्या मुलींनी एक प्रयोग केला. पोस्टकार्डाएवढे पांढरे जाड कागद घेतले, त्यांच्यावर व्हॅसलीनचा पातळ थर दिला आणि ते आठवडाभर स्वयंपाकघरात टांगून ठेवले. एक कागद शाळेच्या व्हरांड्यातही टांगला. आठवड्याने सगळे कागद वर्गात मांडले. व्हरांड्यातल्या कागदावर रस्त्याची मातकट धूळ बसली होती. गॅसवर स्वयंपाक होणाऱ्या घरांतले कागद किंचित पिवळट होते. तीन कागद मात्र काळे पडले होते. ती तिन्ही घरे चुलीची होती. (असा कागद फक्त मोठे कण पकडतो. सर्वांत घातक असे बारीक कण त्यावर दिसतही नाहीत, हे मी मुलींना सांगितले. जे दिसले तेच पुरेसे होते.)

त्या तीनपैकी दोन घरांत गॅसची शेगडीही होती. मग चूल का पेटते? एका मुलीने सरळ उत्तर दिले, "सर, गॅस चहाला आणि पाहुण्यांना. पऱ्हाट्या फुकट मिळतात." तिचे म्हणणे खरे आहे. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उभ्या राहतात, तूर निघाली की तुऱ्हाट्या मिळतात, आणि गोवऱ्या तर घरच्याच. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने लाखो घरांत गॅसची जोडणी नेली. पण जोडणी मिळणे निराळे आणि सिलिंडर संपल्यावर दुसरे आणणे निराळे.

चुलीच्या धुराचे मोजमाप आपल्या देशात फार पूर्वी झाले. कर्क स्मिथ नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधील खेड्यांत गेले. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर त्यांनी छोटी मापक यंत्रे बसवली. त्या बायका श्वासावाटे जो धूर घेत होत्या, तो शहरांतील धुरापेक्षाही कितीतरी पट दाट निघाला. तोवर प्रदूषण म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे कारखान्याचे धुराडे येई. स्मिथ यांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले, की एका घनमीटर हवेत बारीक कणांची २४ तासांची सरासरी १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. भारताची २००९ सालची मर्यादा ६० आहे. चूल पेटलेल्या कोंदट स्वयंपाकघरात हाच आकडा शेकड्यांत जातो, कधी हजारांतही. त्याच संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. फुंकणीने जाळ फुंकणारी अम्मी आणि तिच्या मांडीवरचे मूल, दोघेही हा धूर रोज घेतात.

धुराचे मूळच काढले तर काय होते, हेही तपासले गेले आहे. २०१८ साली तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा येथील सुमारे ३२०० गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. निम्म्या घरांना गॅसची शेगडी आणि फुकट सिलिंडर देण्यात आले. चुलीच्या घरांत स्त्रियांच्या श्वासातील बारीक कण ७० मायक्रोग्रॅमच्या आसपास होते, तर गॅसच्या घरांत २४ च्या. एवढा फरक पडूनही जन्मणाऱ्या बाळांचे वजन मात्र अपेक्षेप्रमाणे वाढले नाही. शरीराचे गणित वहीतल्या गणितासारखे सुटत नाही. तरी धूर कमी झाला ही गोष्ट खरी, आणि डोळ्यांची आग व खोकला यांचा अनुभव कोणत्याही अम्मीला विचारावा.

आता मुद्द्याचा हिशेब. साधारण बरे यंत्र दहा हजार रुपयांच्या आसपास पडते. त्याची गाळणी सहा महिन्यांनी किंवा वर्षाने बदलावी लागते आणि तिला हजार-दोन हजार लागतात. जुनी गाळणी तशीच ठेवली तर यंत्र म्हणजे नुसता महाग पंखा. आज सिलिंडरचा भाव काय आहे हे घरी विचारा आणि दहा हजारांत किती सिलिंडर येतील ते काढा. माझे मत विचाराल तर चूल पेटणाऱ्या घरात पहिला पैसा सिलिंडरवर खर्च करावा. तेही जमत नसेल तर धुराडे असलेली निर्धूर चूल बसवावी, किंवा चूल अंगणात पत्र्याखाली न्यावी.

धुराची आणखी कारणे आपण हौसेने घरात आणतो. डासांची कॉइल त्यांतली पहिली. चीन आणि मलेशिया येथील कॉइलवर केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण सोडते, असे त्यात आढळले. दारे-खिडक्या लावून उशाशी कॉइल पेटवायची आणि कोपऱ्यात हवा शुद्ध करणारे यंत्र लावायचे, याला काय म्हणावे? मच्छरदाणीला धूर नसतो. अगरबत्ती आणि लोबान यांचा सुवास सर्वांना आवडतो, पण तोही धूरच आहे. दम्याचा रोगी घरात असेल तर खिडकी उघडी ठेवावी किंवा तो अंगणात लावावा. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की कुटाराची धूळ गावभर उडते. तेवढे दिवस रोग्याने मळणीयंत्रापासून दूर राहावे आणि घरात झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे.

मग यंत्र कोणी घ्यावे? ज्या घरात चूल, कॉइल यांचा धूर नाही, बाहेर मोठा रस्ता किंवा सतत धूळ आहे आणि दम्याचा रोगी रात्री एका खोलीत दार लावून झोपतो, तेथे ते उपयोगी पडते. मुंबईत किंवा अकोल्यात राहणाऱ्या एखाद्या खालाला ते घ्यावेसे वाटले तर तिला हसू नका. फक्त खोलीच्या मानाने यंत्र पुरेसे आहे का हे पाहायला सांगा. काही यंत्रे 'आयन' सोडतात आणि त्यांतून ओझोन वायू तयार होतो. तो फुप्फुसांना त्रास देतो, म्हणून तशी यंत्रे टाळावीत. यंत्र असले तरी डॉक्टरांनी दिलेला पंप बंद करायचा नाही. कुंडीतली रोपे हवा शुद्ध करतात, असा समज १९८९ साली अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने केलेल्या प्रयोगानंतर पसरला. तो प्रयोग लहानशा बंद पेटीत झाला होता. घरातल्या हवेला दोन-चार कुंड्यांनी फरक पडत नाही. रोपे शोभेसाठी खुशाल लावा.

एक धोका मात्र कोणतेही घरगुती यंत्र टाळू शकत नाही. थंडीत काही जण कोळशाची शेगडी खोलीत ठेवून दार लावून झोपतात. त्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो कण नसून वायू आहे, म्हणून हेपा गाळणीतून तो आरपार जातो. झोपलेले माणूस झोपेतच दगावते. अशी शेगडी झोपण्यापूर्वी घराबाहेर ठेवावी, यंत्र असो वा नसो.

शब्दार्थ
धूलिकण : धुळीचे बारीक कण, गर्द
गाळणी : गाळण्याचे साधन, छन्नी
कोंदट : जेथे हवा खेळत नाही असे
दखल घेणे : लक्ष देणे
पऱ्हाटी : कापसाच्या झाडाची वाळलेली काडी

स्वाध्याय
१. हेपा गाळणी पिठाच्या चाळणीपेक्षा वेगळी कशी आहे?
२. तुमच्या झोपण्याच्या खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मोजा. तेथील हवा तासाला ५ वेळा गाळायची असेल तर यंत्राने तासाला किती घनमीटर हवा दिली पाहिजे?
३. "गॅस चहाला आणि पाहुण्यांना", असे ती मुलगी का म्हणाली? चार-पाच वाक्यांत लिहा.
४. व्हॅसलीनच्या कागदाचा प्रयोग आपल्या घरी करा आणि काय दिसले ते मराठीत लिहून आणा.